चेहऱ्यावरील दुर्मिळ कर्करोग : ओळख आणि दक्षता

चेहरा हा शरीराचा सदैव उघडा राहणारा भाग होय. उन्हाचा मारा त्याला जन्मभर सोसावा लागतो. साहजिकच त्वचेच्या कर्करोगांपैकी पुष्कळसे चेहऱ्यावर व मानेवर उद्भवतात. त्यांतील बहुसंख्य कर्करोग तळपेशींचे किंवा शल्कपेशींचे असतात. भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांना काही अंशी अडवते. त्यामुळे गौरवर्णीय लोकांच्या मानाने आपल्याकडे हे रोग कमी आढळतात. तथापि त्वचेतील तैलग्रंथी, घर्मग्रंथी, स्पर्शपेशी व रक्तवाहिन्या यांपासूनही कर्करोग उद्भवू शकतो. हे प्रकार दुर्मिळ खरे. परंतु ते साध्या विकारांचे रूप घेऊन येत असल्याने निदानास विलंब होतो, आणि हा विलंबच घातक ठरतो.

पापणीवरील फसवी गाठ

पापणीच्या आत मायबोमियन नावाच्या तैलग्रंथींची ओळ असते. त्यांतील स्निग्ध द्रव्यामुळे डोळ्यातील अश्रू लवकर सुकत नाहीत. या ग्रंथींचा कर्करोग बहुधा उतारवयात होतो. वरच्या पापणीत ग्रंथींची संख्या अधिक असल्याने तो तेथे जास्त आढळतो. पाश्चात्त्य देशांत पापणीच्या कर्करोगांत तळपेशींच्या कर्करोगाचे प्राबल्य असते. भारतात मात्र तैलग्रंथींच्या कर्करोगाचे प्रमाण त्या देशांपेक्षा पुष्कळच अधिक असते.

आरंभी ही गाठ हुबेहूब रांजणवाडीसारखी दिसते. ती दुखत नाही. शेक व मलम यांवर रुग्ण महिनोन्‌महिने काढतो. कधी गाठ न दिसता एकच डोळा सतत लाल राहतो व तो डोळे आल्याचा प्रकार समजला जातो. म्हणून प्रौढ व्यक्तीस एकाच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी होत असेल, तेथील पापणीचे केस गळत असतील, किंवा एका डोळ्याची लाली औषधांनी हटत नसेल, तर कर्करोगाची शंका घेणे इष्ट होय. अशी गाठ कापल्यास काढलेला तुकडा फेकून न देता सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे अगत्याचे असते. उपेक्षा झाल्यास रोग कानापुढील व मानेतील लसिकाग्रंथींत पसरतो. काही रुग्णांत अशा तैलग्रंथींच्या गाठींबरोबर आतड्याचाही कर्करोग आढळतो. हा दोष आनुवंशिक असल्याने कुटुंबाचा रोगेतिहास विचारणे महत्त्वाचे ठरते.

मर्केल पेशींचा कर्करोग

जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख मर्केल यांनी १८७५ मध्ये त्वचेतील स्पर्शपेशींचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्करोगाची नोंद सिरिल टोकर यांनी १९७२ मध्ये केली. लालसर वा जांभळट, टणक व वेदनारहित अशी ही गाठ काही आठवड्यांतच वाढते. वृद्ध तसेच रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींना तिचा धोका अधिक असतो. २००८ मध्ये या गाठींत एक विषाणू सापडला. तो पुष्कळ निरोगी माणसांच्या त्वचेवरही असतो. त्यामुळे या रोगास सांसर्गिक मानून रुग्णाला दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

व्रण व डाग यांचे रूप

घर्मग्रंथींशी संबंधित एक कर्करोग वरच्या ओठावर किंवा तोंडाभोवती जुन्या व्रणासारखा दिसतो. तो वर्षानुवर्षे सावकाश वाढतो, परंतु आतून मज्जातंतूंच्या कडेने खोल जातो. त्या जागी बधिरता वा मुंग्या येणे ही त्याची खूण होय. येथे वरवरचा तुकडा घेतल्यास निदान चुकू शकते; खोलवरचा नमुना घ्यावा लागतो. याउलट रक्तवाहिन्यांचा कर्करोग वृद्धांच्या कपाळावर वा डोक्यावर मुका मार लागल्यासारखा जांभळा डाग होऊन येतो. मार लागल्याचे आठवत नसताना असा डाग पसरू लागल्यास तत्काळ तपासणी आवश्यक असते.

निदान व उपचार

निश्चित निदान केवळ ऊतकपरीक्षेनेच, म्हणजे बायॉप्सीनेच होते. तुकडा काढल्याने कर्करोग चाळवतो व पसरतो, हा समज निराधार आहे. शस्त्रक्रिया हा प्रमुख उपचार होय. अमेरिकेतील फ्रेडरिक मोज यांनी १९३० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत रोगट भाग थराथराने काढून प्रत्येक थराच्या कडा तपासल्या जातात. त्यामुळे निरोगी त्वचा शक्य तितकी वाचते, आणि नाक, ओठ, पापणी यांसारख्या नाजूक ठिकाणी याचे मोल मोठे असते. आवश्यकतेनुसार किरणोपचार व औषधोपचार केले जातात. पसरलेल्या मर्केल कर्करोगावर प्रतिकारशक्तीस चालना देणारी औषधे २०१७ पासून वापरात आली आहेत.

दक्षता

शेतात, रस्त्यावर वा समुद्रावर राबणाऱ्यांनी रुंद काठाची टोपी, पागोटे वा पदर यांनी चेहरा झाकावा. महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर चेहरा, पापण्या, कानामागील भाग व मान न्याहाळावी. वृद्धांच्या बाबतीत हे काम घरातील माणसांनी करावे. चार आठवड्यांत न भरणारी जखम, वाढणारी गाठ किंवा पसरणारा डाग आढळल्यास चुना, बिब्बा वा तेजाब लावून तो जाळण्याचा प्रयत्न करू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथून जिल्हा रुग्णालयात वा वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते. गाठ लहान असतानाच उपचार झाले, तर रोग समूळ निघण्याची व चेहरा सुस्थितीत राहण्याची शक्यता पुष्कळच वाढते.