मधुमेही रुग्ण आणि वस्तीतील दवाखाना

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता व कोणी त्याची विचारपूस करीत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने त्याला आंघोळ घातली, उचलून मंचकावर निजविले आणि आजाऱ्याची शुश्रूषा ही संघाची जबाबदारी ठरवून दिली. हा प्रसंग आपण विहारात अनेकदा ऐकतो. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. ज्याची शुश्रूषा करणे सोपे जाते अशा रुग्णाची पाच लक्षणे तेथे दिली आहेत: तो पथ्य पाळतो, पथ्याच्या पदार्थाचेही प्रमाण जाणतो, औषध घेतो, आजाराची खरी स्थिती सांगतो आणि वेदना सहन करतो. शुश्रूषा करणाऱ्याचीही पाच लक्षणे आहेत: त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, घाणीची किळस नसावी आणि धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करता यावे.

मधुमेहाला हे वर्णन जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या आजाराला लागू पडत असेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हा श्रीमंतांचा आजार ही समजूत केव्हाच खोटी ठरली आहे. आणि आजाराची लाज वाटण्याचेही कारण नाही. संविधानाचा मसुदा तयार होत असताना पूज्य बाबासाहेब मधुमेहाने व पायांच्या वेदनांनी त्रस्त होते, इन्सुलिन घेत होते.

आता एक साधा हिशेब करू. वर्षात 8,760 तास असतात. रुग्ण तीन महिन्यांनी एकदा दवाखान्यात आला आणि डॉक्टरांनी प्रत्येक वेळी दहा मिनिटे दिली (इतकी मिळाली तर भाग्यच!), तरी वर्षाला चाळीस मिनिटे होतात. बाकी सर्व वेळ ताट, गोळी, सुई आणि पाय यांचा निर्णय रुग्णच घेत असतो. म्हणून दवाखान्याने त्या चाळीस मिनिटांत औषध लिहून देण्याबरोबर रुग्णाला शिकविलेही पाहिजे.

माझ्या मते पाच लक्षणांतील चौथे, म्हणजे खरे सांगणे, सर्वांत अवघड आहे. आमच्या ओळखीच्या एक मावशी पैशांच्या ओढाताणीमुळे गोळ्या एक दिवसाआड घेत. एका दवाखान्यात त्यांना सर्वांसमोर बोलणी खावी लागली. तेव्हापासून त्या "रोज घेते" असे सांगू लागल्या आणि तपासणीच्या आदल्या दिवशी जवळजवळ उपाशी राहू लागल्या. पण एचबीए1सी तपासणीत मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दिसते. ती वाढलेली पाहून डॉक्टरांनी डोस वाढविला. पुढे मुलाने पैसे पाठविले, मावशींनी वाढीव डोस खरोखरच रोज घेतला आणि चौथ्या दिवशी घामाने डबडबून स्वयंपाकघरात कोसळल्या. वाचल्या, हे नशीब. डॉक्टर अडाणी नव्हते आणि मावशीही खोटारड्या नव्हत्या. खरे बोलण्याची सोयच राहिली नव्हती.

"गोळ्या घेता ना?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर येते. त्याऐवजी "मागच्या आठवड्यात किती वेळा गोळी राहिली? का राहिली?" असे विचारावे. पैसे हे कारण निघाले तर सरकारी दवाखान्यातून औषध मिळवून द्यावे. तेथे उपदेशाचा उपयोग नाही.

शिकविताना करून दाखवावे आणि मग रुग्णाकडून करून घ्यावे. इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली 40 आणि 100 अशा दोन शक्तींची मिळते. 40 ची सिरिंज लाल टोपणाची आणि 100 ची नारिंगी टोपणाची असते. 100 शक्तीचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात 20 नव्हे, 50 युनिट जातात. ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून बाटली व सिरिंज दोन्ही दवाखान्यात आणावयास सांगावे. घरी फ्रीज नसल्यास बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून पाण्याच्या माठात ठेवावी. फ्रीज असला तरी बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये.

पायांबाबत थोडक्यात: रोज रात्री तळवे आरशात पाहावेत, गरम पाण्यात पाय बुडवू नयेत, अनवाणी चालू नये. 6 डिसेंबरला दादरला रांगेत तासन्तास उभे राहणाऱ्यांनी परतल्यावर आधी तळवे पाहावेत. बधिर पायाला फोड आल्याचे कळतही नाही.

आहाराविषयी राजा पसेनदीची गोष्ट उपयोगी आहे. राजा द्रोणभर भात खाऊन सुस्तावत असे. भगवंतांनी मिताहाराचा उपदेश केला, आणि सुदस्सन नावाच्या तरुणाने रोज जेवणाच्या वेळी त्याची आठवण करून द्यावी असे ठरले. भात हळूहळू कमी झाला. ज्या घरात एका ताटापुरते वेगळे शिजविणे परवडत नाही तेथेही हेच करता येते: भात एक वाटीने कमी, डाळ-भाजी थोडी अधिक, आणि आठवण करून देणारे घरातले एक माणूस. त्या माणसालाही दवाखान्यात बोलवावे.

शेवटी उपोसथाविषयी. अष्टशील घेणारे दुपारनंतर भोजन करीत नाहीत. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. घाम, थरथर, धडधड सुरू झाली अथवा साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे. शील मोडेल म्हणून कोणी थांबू नये. विनयात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे अवेळीही घेण्याची अनुज्ञा आहे. विहारात येणाऱ्या मधुमेही उपासिकेच्या पिशवीत साखरेची पुडी असावी, आणि ती कोणत्या कप्प्यात आहे हे शेजारी बसणारीला ठाऊक असावे.