टेकडीवरचा एकांत

पुण्याच्या पश्चिमेस वेताळ टेकडी आहे. शहरातील हे सर्वांत उंच ठिकाण. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ८०० मीटर आहे. माथ्यावर वेताळाचे देऊळ, एका अंगास दगडाची जुनी खाण आणि भोवताली सालई, पळस, गिरिपुष्प यांची झाडी. या टेकडीवर मी आणि माझा मोत्या रोज पहाटे फिरावयास जातो.

मोत्या काही उंची जातीचा कुत्रा नव्हे. पावसाळ्यातील एका सायंकाळी आमच्या फाटकाशी कुडकुडत उभे असलेले ते एक गावठी पिलू होते. त्याच्या पाठीवर काठीचा वळ उमटलेला होता. वळ पुढे बुजला. पण काठीची भीती त्याच्या मनातून गेली नाही. काठी घेतलेला मनुष्य समोर आला, की तो प्रथम थरथरे आणि मग भुंकू लागे. भुंकणारे कुत्रे शूर असते, अशी आपली समजूत आहे. मोत्याचे भुंकणे मात्र भित्र्याचे भुंकणे होते.

टेकडीवर फिरणाऱ्या बहुतेक वृद्धांच्या हाती काठी असते. शिवाय वाटेत भेटणारा प्रत्येक जण काही ना काही बोलल्याशिवाय राहत नाही. "चावतो का हो हा?" "याला अंडी खाऊ घाला!" "फारच माजला आहे तुमचा कुत्रा!" या साऱ्याला कंटाळून मी खाणीमागची एक निर्जन पायवाट शोधून काढली.

तेथे मोत्या निराळाच होई. तो एकेका दगडापाशी थांबून मन लावून हुंगत बसे. गंध जाणणाऱ्या पेशी कुत्र्याच्या नाकात कोट्यवधी असतात. त्याच्या नाकपुड्यांना बाजूस चिरा असतात. उच्छ्वास त्यांतून बाहेर पडतो आणि नवा वास समोरून आत येत राहतो. रात्री येथून कोण गेले, हे तो जणू त्या दगडावर वाचत असे. अशा वेळी त्याला ओढून नेणे म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातील पुस्तक हिसकावून घेण्यासारखेच! म्हणून मी त्याची साखळी सोडून देई. हळूहळू ती वाट मला आपलीच वाटू लागली.

फाल्गुनातील एक सकाळ मला अजून आठवते. पळस लालभडक फुलला होता. वळणापलीकडे नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा वाळक्या काठीने पळसाची फुले पाडीत होता. जवळच त्याची आई उभी होती. काठी दिसताच मोत्या भुंकत धावला. मुलगा किंचाळून पळू लागला आणि ठेच लागून पडला. त्याचा गुडघा चांगलाच खरचटला.

मी धावत जाऊन मोत्याला साखळी घातली आणि म्हणालो, "घाबरू नकोस बाळ. तो काही करीत नाही."

त्याची आई शांतपणे म्हणाली, "तो काही करीत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. माझ्या मुलाला ते कसे ठाऊक असणार? मागच्या वर्षी त्याला कुत्रे चावले होते."

मी खाली मान घातली. कुत्रे चावल्यावर त्या मुलाला ठरलेल्या दिवशी पुन्हापुन्हा सुया टोचून घ्याव्या लागल्या होत्या. त्या टाळून चालत नाही. पिसाळलेले कुत्रे चावले आणि रोगाची लक्षणे दिसू लागली, तर रोगी सहसा वाचत नाही. वेळीच घेतलेली लसच त्याला वाचविते. १८८५ साली लुई पाश्चर यांनी ही लस प्रथम एका मुलालाच टोचली होती. अशा यातना भोगलेल्या मुलाची भीती वेडगळ कशी म्हणावी?

मी पाहिले, तर मुलगा थरथरत होता आणि माझ्या पायाशी मोत्याही कान पाडून थरथरत होता. एकाला दात आठवले होते, दुसऱ्याला काठी. दोघेही निरपराध होते. चुकलो होतो मी एकटा. मी त्या मायलेकरांची क्षमा मागितली.

त्या दिवसापासून मोत्याची साखळी मी टेकडीवर कधी सोडली नाही. मात्र ती लांब घेतली, म्हणजे त्याच्या हुंगण्यात अडथळा येत नाही. समोरून कोणी आले, की आम्ही वाट सोडून बाजूस उभे राहतो. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. साखळीमुळे तिलाही आता आमचा उपद्रव होत नाही.

पुढे काही आठवड्यांनी तीच मायलेकरे त्याच वाटेवर दिसली. मी मोत्याला घेऊन बाजूला झालो. मुलगा क्षणभर थबकला. मग त्याने हातातील काठी हळूच जमिनीवर ठेवली. मोत्या भुंकला नाही. दहा पावलांचे अंतर राखून ती दोघे पुढे निघून गेली. कोणी कोणास हात लावला नाही, कोणी एक शब्दही बोलले नाही.

त्या सकाळी वाटेवर आम्ही चौघे होतो; पण इतका निवांत फेरफटका मला पूर्वी कधी लाभला नव्हता.

स्वाध्याय

१. मोत्याचे भुंकणे 'भित्र्याचे भुंकणे' होते, असे लेखक का म्हणतो?
२. "तो काही करीत नाही," या लेखकाच्या बोलण्यात कोणती चूक होती?
३. मुलाने काठी जमिनीवर का ठेवली असेल? तुमच्या शब्दांत लिहा.