इन्स्टंट गीझर: दुकानातली किंमत आणि भिंतीतला खर्च

तीन लिटरचा इन्स्टंट गीझर साधारण अडीच ते साडेचार हजारांत येतो. तो सुरक्षित चालवणारं वायरिंग जुन्या घरात जवळजवळ तेवढेच पैसे मागतं, कधी जास्तही. बजेट ठरवताना हे दोन्ही आकडे शेजारी मांडा.

गीझरचं कॉइल बहुधा ३००० वॉटचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर तो लावलात, तर प्लग काळा पडतो, मग वितळतो. डीबीपासून (वितरण पेटीपासून) स्वतंत्र लाइन हवी: अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, अंतर जास्त असेल तर चारची. फेज, न्यूट्रल, अर्थ धरून दहा मीटरला हजार ते दीड हजार रुपये. १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी दोन-तीनशे, बाथरूमबाहेर बसवायचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच दोनशे ते पाचशे. मजुरी हजाराच्या आसपास. भिंत फोडावी लागली तर वेगळी.

सर्वांत महाग वस्तू आरसीसीबी, दीड ते अडीच हजारांची. नेमकी तीच लोक गाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. ओल्या अंगातून जाणारा जीवघेणा करंट त्याच्या लेखी नगण्य असतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र गेलेला आणि परतलेला करंट ताडून पाहतो, आणि तेवढा फरक दिसताच ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडतो. पैसे कमी पडत असतील तर गीझर स्वस्तातला घ्या, आयएसआय चिन्ह असलेला. आरसीसीबी टाळू नका.

जुन्या चाळीत, वाड्यात अर्थिंगच नसतं. मग काही वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थची वायर जोडून देतात. असं अजिबात करू देऊ नका: मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर गीझरच्या धातूच्या भागांत आणि नळाच्या पाण्यात थेट फेज उतरू शकतो. नवीन अर्थिंगला तीन हजारांपासून पुढे खर्च येतो. जागा सामाईक असेल तर सोसायटीशी बोलून इमारतीसाठी एकत्र करून घ्या.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती आहे तेही बघा. एक किलोवॉट असेल तर तीन किलोवॉटचा गीझर लावण्याआधी वाढवून घ्या.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. पैसे देण्याआधी त्याच्यासमोर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. आरसीसीबी लगेच पडला पाहिजे. पुढे दर महिन्याला तेच बटण स्वतः दाबत जा.