आधी विनंती, मग सक्ती

गेल्या वर्षी आमच्या संगणक-कक्षात माझ्या हातून एक चूक घडली. लिनक्सवरील तक्त्यांचा प्रोग्राम वरचेवर अडकून बसे, म्हणून तो बंद करून पुन्हा सुरू करणारी दोन ओळींची शेल-स्क्रिप्ट मी लिहिली होती. शेजारी माझी वर्गमैत्रीण प्रकल्पासाठी पावसाच्या नोंदी भरीत होती. तिचा प्रोग्राम थांबलेला दिसताच मी मोठ्या ऐटीत माझी स्क्रिप्ट चालवली. प्रोग्राम क्षणात पुन्हा उभा राहिला. परंतु सकाळपासून भरलेल्या, न साठविलेल्या नोंदी गेल्या. ती काही बोलली नाही. पहिल्या ओळीपासून पुन्हा भरू लागली. तेव्हापासून मी या विषयाचा जो थोडाफार अभ्यास केला, त्याचे सार येथे देत आहे.

माझ्या स्क्रिप्टमध्ये ‘किल’ ही आज्ञा ९ या आकड्यासह होती. नाव काहीही असो, ही आज्ञा वस्तुतः चालू प्रोग्रामला संकेत पाठवते. आकडा न दिल्यास १५ क्रमांकाचा ‘सिगटर्म’ जातो. त्याचा अर्थ, ‘आवरते घ्या’. तो मिळाल्यावर प्रोग्रामला आपल्या फायली नीट मिटता येतात. ९ क्रमांकाचा ‘सिगकिल’ मात्र प्रोग्रामला अडवता येत नाही. कर्नल त्याला परस्पर संपवतो. आवराआवरीला वेळच उरत नाही.

म्हणून स्क्रिप्टमध्ये पुढील क्रम असावा :

१. ओळख : ‘पीकिल’ ही आज्ञा ‘एफ’ पर्यायाने वापरली की संपूर्ण आज्ञा-ओळीत नाव शोधले जाते. स्क्रिप्टच्या नावातच प्रोग्रामचे नाव असेल, तर ती स्वतःलाच संपवते! नेमके नाव जुळवणारा ‘एक्स’ आणि केवळ आपले प्रोग्राम निवडणारा ‘यू’ हे पर्याय घ्यावेत.

२. विनंती : प्रथम १५ क्रमांकच पाठवावा. मात्र ‘आवरते घ्या’ म्हणजे ‘साठवा’ नव्हे. पुष्कळ प्रोग्राम न विचारता मिटतात. यास्तव त्याआधी ‘काम साठवले का?’ असा प्रश्न स्क्रिप्टने विचारावा.

३. प्रतीक्षा : ‘किल’ला शून्य आकडा दिल्यास कोणताही संकेत जात नाही, फक्त प्रोग्राम अजून आहे की नाही ते कळते. दर सेकंदाला असे पाहत अर्धा मिनिट थांबावे. ‘सिस्टमडी’ हा लिनक्सवरील व्यवस्थापकसुद्धा मूळ रचनेनुसार सक्तीपूर्वी ९० सेकंद वाट पाहतो.

४. सक्ती : तरीही प्रोग्राम न मिटल्यास काम करणाऱ्याची संमती घेऊनच ९ क्रमांक वापरावा.

५. आरंभ : जुना प्रोग्राम गेल्याची खात्री झाल्यावरच नवा सुरू करावा, नाहीतर तीच फाइल दोघांच्या हाती जाण्याचा धोका. तो ‘सेटसिड’द्वारे सुरू केल्यास टर्मिनलची खिडकी मिटली तरी चालू राहतो.

आता वाटते, त्या दिवशी तो प्रोग्राम अडकलाच नसावा; मोठ्या तक्त्याची आकडेमोड करीत असावा. मी अर्धा मिनिट थांबलो असतो, तर तिची सकाळ वाचली असती. माझी स्क्रिप्ट आता दोन ओळींची तीस ओळींची झाली आहे. मैत्रीणही ती वापरते. पण चालवण्यापूर्वी फाइल साठवल्याची खात्री ती स्वतः करून घेते. मित्रहो, तिचे हे करणे मला माझ्या तीस ओळींहून शहाणपणाचे वाटते.