मार्के प्रांताची मदिरा आणि उत्तनची मासळी

प्रश्न : बंधूंनी इटलीहून ‘व्हेर्दिक्कियो’ या मदिरेची बाटली आणली आहे. उत्तनच्या ताज्या मासळीबरोबर ती चालेल काय?
– एक वाचक, भाईंदर (पश्चिम)

उत्तर : एड्रियाटिक समुद्रालगतच्या मार्के प्रांतात, मातेलिका व येझी या परगण्यांत पिकणाऱ्या व्हेर्दिक्कियो याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाच्या मदिरांना इटालियन सरकारने अनुक्रमे १९६७ व १९६८ साली मूळस्थानाचा अधिकृत दर्जा बहाल केला; व्हेनेतो प्रांतातील ‘त्रेब्बियानो दि सोआवे’ हेही, जनुकीय परीक्षणान्ती, हेच द्राक्ष ठरले आहे. फिकट पिवळ्या रंगातील हिरवी झाक, सतेज आंबटपणा आणि घोट उतरल्यावर जिभेवर रेंगाळणारी कडवट बदामाची चव, ही या मदिरेची लक्षणे होत. हा आंबटपणा तळणीचा तेलकटपणा मारतो, म्हणून रव्यात घोळून तळलेले बोंबील वा मीठ-हळद लावलेले पापलेट तिला उत्तम मानवेल. तिखटजाळ कालवणापुढे मात्र तिचा कडवटपणा उगाच डोके वर काढील. बाटली १०-१२ अंश सेल्सियसपर्यंत गार करावी, पेल्यात बर्फ घालू नये.

आपल्या मुलुखात अकलूजला सांजोव्हेसे हे इटालियन काळे द्राक्ष रुजले असले, तरी पांढऱ्या मदिरेची भिस्त मुख्यत्वे फ्रेंच वाणांवर आहे; नाशिकच्या शेनिन ब्लांमध्ये पुष्कळदा किंचित गोडवा राखलेला असतो, व्हेर्दिक्कियो बहुधा निखळ कोरडी असते, हा भेद ध्यानी ठेवूनच पहिला घोट घ्यावा.