जुनी मोटारसायकल : घेण्यापूर्वीची परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, कुंभाराचे मडके घेतानाही आपल्या आया ते बोटाने वाजवून घेतात. आमच्या कोंकणी घरांत नारळ कानाशी हलवून पाहिल्यावाचून टोपलीत पडत नाही. मग ज्या वाहनावर घरचा मुलगा दूरच्या प्रवासास निघणार, ते केवळ रंगाच्या चकाकीवर भाळून घेणे कितपत शहाणपणाचे? हैदराबादेहून नागपूर सुमारे ५०० किलोमीटर आहे. अशा रस्त्यावर रात्री साखळी तुटली किंवा ब्रेक लागला नाही, तर जिवाशी गाठ पडते. गिअरची मोटारसायकल चालविण्यास तुम्हांला वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागेल. परंतु कागद वाचण्यास व हिशेब करण्यास वयाची अट नाही. म्हणून या परीक्षेचा क्रम आम्ही येथे सांगत आहोत.

पहिली परीक्षा कागदांची. नोंदणी-प्रमाणपत्रावर चासिसचा व इंजिनचा क्रमांक असतो. ते दोन्ही वाहनावर कोरलेल्या क्रमांकांशी अंक न् अंक ताडून पाहावेत. कोरलेल्या जागी कानशीने घासल्याची खूण दिसली, तर वाहन चोरीचे असण्याचा संभव आहे. तेथून सरळ घरी यावे. १९५५ पासून मद्रासेशी नाते जडलेली बुलेट लांबच्या प्रवासासाठी अनेकांना आवडते. तिच्यासारख्या जुन्या गाडीत इंजिन बदललेले असेल, तर त्या बदलाची नोंद प्रमाणपत्रात असलीच पाहिजे. नंतर सरकारच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदीत विम्याची मुदत व कर्जाचा बोजा पाहावा. कर्ज फिटले असल्यास बँकेचे पत्र व नमुना ३५ मागून घ्यावा.

पाटीवरील अक्षरेही बोलतात. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. त्यापूर्वी आपल्या शहरात ‘एपी’ होते, नंतर ‘टीएस’ आले आणि मार्च २०२४ पासून ‘टीजी’. तेव्हा ‘एपी’चे वाहन एकतर जुने असते किंवा शेजारच्या आंध्र प्रदेशातले. खासगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ५ वर्षांचे नूतनीकरण मिळते. नांदेड किंवा सोलापूरची गाडी येथे आणावयाची तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र हवे, आणि येथील कर वेगळा.

दुसरी परीक्षा अंकगणिताची. समजा, मालक म्हणतो, “पाच वर्षे गाडी वापरली, दरसाल दोनदा नागपूरला जाऊन आलो, आणि रोज दहा किलोमीटर कामावर.” नागपूरच्या फेऱ्यांचे वर्षाला २,००० आणि ३०० दिवसांच्या कामाचे ३,००० किलोमीटर झाले. पाच वर्षांत २५,०००. मापकावर मात्र १४,००० दिसतात! म्हणजे बोलणे खोटे किंवा मापक खोटे. अशा वेळी पायाखालचे झिजलेले रबर, दात आकड्यासारखे वळलेली साखळीची चक्रे व दुरुस्तीच्या पावत्या यांची साक्ष घ्यावी. टायरवरही चार अंक असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

तिसरी परीक्षा इंजिनची. ते थंड असतानाच पाहावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन सकाळची खोड लपविते. निळसर धूर निघत राहिला तर तेल जळते, म्हणजे आतील भाग झिजले आहेत. काळा धूर पेट्रोल अधिक जाते असे सांगतो. इंजिनचे तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. ऑक्टोबर २०२० च्या पावसाने या शहरातील कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. बुडालेली गाडी बाहेरून धुता येते. परंतु आसनाखालचा व दिव्यामागचा गाळ आणि तारांच्या जोडांवरचा गंज सहसा राहून जातो.

चौथी परीक्षा सांगाड्याची. लांबच्या प्रवासात मागे जड सामान बांधतात. म्हणून त्या कंसाजवळचे जोड बारकाईने पाहावेत. तेथे तडा किंवा नवे वेल्डिंग असेल तर कारण विचारावे. पुढचे चाक उचलून हँडल डावीउजवीकडे वळवावे; मध्येच अडकले तर आतील बेअरिंग खराब आहे. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढत असेल तर पूर्वीच्या अपघाताची शंका घ्यावी.

शेवटी नावाची बदली. नमुना २९ व ३० भरून विकणाऱ्याने १४ आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावयाचे असते. हा सोपस्कार नव्हे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. अपघाताची भरपाई त्याच्याच माथी येते. म्हणून आपले कोणी जुनी गाडी विकत असेल, तर त्यालाही हा नियम सांगावा.

या परीक्षेस सचोटीचा विक्रेता हरकत घेत नाही. जो “कागद उद्या देतो” म्हणतो, त्याला पैसेही उद्याच द्यावेत. आज घरी गेल्यावर वडिलांच्या परवानगीने घरच्या वाहनाचे नोंदणी-प्रमाणपत्र उघडा आणि चासिसचा क्रमांक गाडीवर कोठे कोरला आहे, तो शोधून काढा. अभ्यासाचा आरंभ तेथून होऊ द्या.