लुंबिनीत आईंची शुगर उतरली तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत वस्त्यावस्त्यांतून धम्मसहलीच्या बस निघतात. बुद्धगया, राजगीर, सारनाथ, कुशीनगर आणि मग सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी. आपल्यापैकी पुष्कळांच्या आयुष्यातला परदेश तो एवढाच. व्हिसा लागत नाही, बस थेट आत जाते, त्यामुळे तो परदेश आहे हेच लक्षात राहत नाही. आम्हीही विसरलो होतो. नर्सिंगची इतकी वर्षे गाठीला असून विसरलो, म्हणून हे लिहितो आहोत.

घरचे आम्ही पाच जण होतो. आम्ही नवराबायको, मुलगी, मुलगा आणि आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही आईच म्हणतो. वय ६८, शुगर १२ वर्षांपासून. सरकारी दवाखान्यातल्या दोन गोळ्या चालू होत्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

कुशीनगरहून बस पहाटे चारला निघाली. आईंनी नेमाप्रमाणे गोळ्या घेतल्या, वर अर्धा कप बिनसाखरेचा चहा. नाश्ता सीमेवर होईल असे ठरले होते. सोनौलीला पोहोचलो आठला, आणि बसच्या परवान्याची रांग साडेदहापर्यंत हलली नाही. पुरीभाजी आणली होती. आईंनी दोन घास खाऊन द्रोण बाजूला ठेवला, पाणीही घेतले नाही. का, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. बसमध्ये संडास नाही आणि रस्त्यात बाईमाणसाने बसायचे कुठे, म्हणून सहलीतल्या निम्म्या बाया दिवसभर तोंड बांधून असतात. सहल ठरवणारी बहुतेक पुरुषमंडळी असतात, त्यांच्या कागदावर हा थांबा लिहिलेलाच नसतो.

बारा वाजता मायादेवी मंदिराच्या आवारात पोहोचलो. चपला बाहेर काढून सगळे अशोकस्तंभाजवळ गेलो. हा स्तंभ आणि त्यावरचा लेख १८९६ साली उजेडात आला आणि जन्मस्थळाची खूण पक्की झाली, एवढे मुलांना सांगत होतो, तोवर सगळ्यांनी सावलीला बसून त्रिसरण-पंचशील सुरू केले. वस्तीच्या विहारात पंचशील सांगतात त्या आमच्या आईच. त्या दिवशी दुसऱ्या शीलालाच त्यांची जीभ अडली. पुढचे शब्द आठवेनात. मग त्यांनी शेजारी बसलेल्या नातीकडे पाहिले आणि विचारले, "तू कोणाची गं?"

ब्लाउज घामाने चिंब झाला होता. हात थरथरत होते, अंग गार होते. कोणी म्हणाले, जन्मस्थळी आल्या, भारावल्या, बसू द्या. कोणी म्हणाले, ऊन लागलंय. मागून एक जण हळूच म्हणाली, वारं आलं वाटतं. आमच्या स्वतःच्या मनात आला तो लकवा. दोन्ही हात वर करा म्हटले तर डावा हात मागे राहिला. पायाखालची जमीन सरकली. परका देश, ओळखीचा डॉक्टर नाही, फोनला रेंज नाही, कारण आपले सिम रोमिंग घेतल्याशिवाय तिकडे चालत नाही. शुगर तपासायचे मशीन होते, पण ते बसमधल्या पिशवीत, आणि बस पार लांबच्या पार्किंगमध्ये.

त्या क्षणी जे आठवले तेच या लेखाचे मुख्य सांगणे. शुगरचा पेशंट अचानक बरळायला लागला, घामाने भिजला, चिडला, झोपाळला किंवा एका बाजूने लुळा वाटला, तर शुगर उतरली असे धरूनच चालायचे. मशीन असेल तर लगेच तपासा. ७० च्या खाली म्हणजे कमी. मशीन नसेल तर वाट पाहू नका, साखर द्या. शुगर वाढलेली असताना तीन चमचे साखर जास्त गेली तर त्याने फारसे बिघडत नाही. पण उतरलेली असताना दिली नाही, तर मेंदू उपाशी राहतो. फिट येते, माणूस बेशुद्ध होतो, जीवही जातो. शुगर उतरल्यावर हुबेहूब लकव्यासारखे दिसू शकते, म्हणून दवाखान्यातही लकव्याच्या पेशंटची शुगर आधी बघतात. मात्र शुगर बरोबर असून तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे जड असेल, तर तो लकवाच समजा आणि सीटी स्कॅन असलेले मोठे हॉस्पिटल गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे किती वाजता दिसली ते लिहून ठेवा, तिथे तेच पहिले विचारतील.

तर स्तंभापाशी कोणाकडे साखर नव्हती. एका ताईंनी ओआरएसचे पाणी पुढे केले. ते जुलाबासाठी चांगले, इथे कमी पडते. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम असते, ग्लासभर पाण्यात ते कितीसे येणार? दुसऱ्या एकीने शुगर-फ्रीची पुडी काढली. तिने तर काहीच होत नाही. शेवटी मुलीने सीमेवर घेतलेली आंब्याच्या सरबताची बाटली सापडली. आधी झाकणभर पाणी देऊन आई गिळतात का ते पाहिले, मग घोट घोट करून अर्धी बाटली पाजली. दहा-बारा मिनिटांनी आईंनी इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाल्या, "माझी चप्पल कुठं गेली?" आम्ही हसलो, रडलो, सगळेच झाले.

प्रमाण असे: चहाचे तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, नाहीतर अर्धा ग्लास साखरेचे सरबत. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच. शुद्धीवर आल्यावर चपाती, भात, बिस्किटे असे पोटभर काहीतरी. पण पेशंट बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडात काही म्हणजे काही घालायचे नाही. पाणी नाही, गूळ नाही, पेढा नाही. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा.

खरी चूक आम्ही यानंतर केली. शुद्ध आली म्हणजे संपले, असे धरले. दुपारी दोनला जेवण झाले, आईंनी चार घास वरणभात खाल्ला. साडेतीनला बसमध्ये त्यांना डोळा लागला. थकल्या असतील, झोपू दे, असे आम्हीच सगळ्यांना सांगितले. मशीन आता मांडीवरच्या पिशवीत होते, तरी काढले नाही. मुलगीच म्हणाली, "मम्मी, आजीचा हात परत ओला झालाय." तपासले तर ३८. हाक मारली तर नुसते हुं. दातखीळ बसत होती. कोणीतरी मायेने पेढा भरवायला आले, तो हात आम्ही धरला.

त्याच बसने त्यांना भैरहव्याला नेले. लुंबिनीपासून हे गाव साधारण २२-२५ किलोमीटर. तिथे भीम हॉस्पिटल हे सरकारी रुग्णालय आहे, एक मेडिकल कॉलेजही आहे. त्यापुढे बुटवलला मोठे प्रांतिक रुग्णालय आहे. नेपाळात अॅम्ब्युलन्सचा नंबर १०२, आपला १०८ तिथे लागत नाही. आम्ही गेलो तिथे शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्यावर आई पाचेक मिनिटांत बोलू लागल्या. तिथल्या सिस्टरशी हिंदीत बोलणे झाले, काही अडले नाही. पण डॉक्टरांनी सोडायला साफ नकार दिला. ग्लिमेपिराइड जातीच्या गोळीचा असर दिवसभर राहतो, मूत्रपिंड मंद असेल तर त्याहून जास्त. वरून दिलेली साखर संपते, गोळी काम करतच राहते आणि शुगर पुन्हा खाली येते. म्हणून अशा पेशंटला दवाखान्यात रात्रभर ठेवून पुन्हा पुन्हा तपासावे लागते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर एवढी भीती सहसा नसते. इन्सुलिनवाल्यांना असते.

अनामत भरायची वेळ आली तेव्हा कळले की आपण परदेशात आहोत. आयुष्मानचे कार्ड, महात्मा फुले योजना, यातले काहीही सीमेपलीकडे चालत नाही. सगळे रोखीने. आपल्या एका रुपयाचा तिथे एक रुपया साठ पैसे असा ठरलेला भाव आहे, पण मोठ्या नोटा घ्यायला लोक कां-कूं करतात. सहलीतल्या बायांनी ओढणी पसरली आणि शंभराच्या नोटा गोळा केल्या. बस पुढे श्रावस्तीला जायची होती, चाळीस माणसांची राहायची सोय तिथे होती. जा म्हणालो. आम्ही पाच जण मागे राहिलो. ओढणीतला प्रत्येक रुपया घरी आल्यावर वहीत लिहून परत केला.

बाबासाहेब १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तेव्हा मधुमेहाने त्यांना पुरते पोखरले होते. पण माईसाहेब बरोबर होत्या आणि त्या डॉक्टर होत्या. आपल्या बसमध्ये डॉक्टर नसतो, तेव्हा तयारी आपणच करायची. निघायच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा: जेवण उशिरा झाले तर कोणती गोळी कमी करायची, इन्सुलिन किती घ्यायचे? स्वतःच्या मनाने बंद करू नका, तेही घातक. शुगर उतरवणारी गोळी ताट समोर आल्याशिवाय तोंडात टाकायची नाही, मग बस कितीही वाजता सुटो. मशीन, साखरेची पुडी आणि गोळ्यांचे मूळ पाकीट अंगावरच्या पिशवीत ठेवा. "सकाळची पांढरी गोळी" एवढ्यावर परक्या डॉक्टरला काही कळत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट बरोबर घ्या. काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचा नंबर निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवा, कारण तिथे गेल्यावर नेट असेलच असे नाही. आणि सहल ठरवणाऱ्यांना पहिल्याच बैठकीत विचारा, दर तीन तासांनी बायांसाठी संडासाचा थांबा कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी आईंना सोडले. सोनौलीहून गोरखपूर, तिथून रेल्वेने घर. इथे आल्यावर सरकारी रुग्णालयात रक्तातले क्रिएटिनिन तपासले, ते वाढलेले निघाले. मूत्रपिंड केव्हाच थकले होते आणि गोळी मात्र जुन्याच मापाने चालू होती. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून औषध बदलले. ज्यांच्या घरी शुगरचे जुने पेशंट आहेत त्यांनी शेवटचे क्रिएटिनिन कधी झाले ते आजच फाईल काढून पाहा. वर्ष उलटले असेल तर करून घ्या.

आईंना लुंबिनीला पुन्हा जायचे आहे. पंचशील अर्धेच राहिले, म्हणतात.